एक घर वर

"हा माझा हात नाही," शिक्षिका म्हणाली आणि पिशवीतून काढलेला डावा हात तिने टेबलावर ठेवला. आदळला नाही, फेकला नाही. शेजाऱ्यांची वस्तू चुकून आपल्याकडे आली तर आपण परत करतो, तसा सभ्यपणे ठेवला. रंगताईने आधी पिशवीतल्या खोक्यावरची चिठ्ठी पाहिली. दुसऱ्याच कुणाचा दिला गेला की काय, अशी तिला शंका आली. पण चिठ्ठी बरोबर होती. माप शिक्षिकेचंच होतं, करंगळीचा किंचित वाकडेपणा तिचाच होता, नखंही तिचीच, उजव्या हातावरून उलटी करून घेतलेली. "बसत नाहीये का नीट?" रंगताईने विचारलं. "बसतो. अगदी छान बसतो," असं म्हणत शिक्षिकेने उजव्या हाताची बाही टेबलाच्या कडेला घासून वर सारली आणि तो खरा हात त्या दुसऱ्या हाताशेजारी टेकवला. "बघा ना तुम्हीच." रंगताईने बघितल्यासारखं केलं. बघायची तशी गरज नव्हती. टेबलावरचा हात एक घर वर होता. तिला ते माहीत होतं, कारण तिनेच तो तसा केला होता, आणि ती चूक नव्हती. पद्धतच तशी होती.

कारखाना म्हणायचा, पण जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. पहिलीत साचे, दुसरीत मऊ सिलिकॉनच्या बरण्या आणि भट्टी, तिसरीत मालक, आणि मोठ्या खिडकीच्या चौथीत रंगताई. ज्यांचा हात गेला त्यांच्यासाठी इथे हात होत. त्या हातांनी काही धरता येत नसे की उचलता येत नसे. ते नुसते दिसण्यासाठी होते. रस्त्याने जाताना कुणी वळून बघू नये, एवढंच त्यांचं काम. म्हणून सगळी मदार रंगावर. साच्यात रेषा कितीही बारीक उतरू देत, रंग चुकला की हात मेलेला दिसतो. भिंतीवर त्यासाठी फळा होता. लाकडी चौकटीत घरं पाडलेली आणि प्रत्येक घरात एकेका छटेचा बटणाएवढा तुकडा. वरच्या ओळी नुसत्या गच्च: गुलाबी गोरा, पिवळट गोरा, उन्हात रापलेला गोरा, आजारातून उठलेला गोरा, म्हातारपणी कागदासारखा पातळ होतो तो गोरा. तळाला तीन घरं. गडद, फार गडद, आणि तिसऱ्याला कुणी नावच दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा चांगला हात फळ्याशी धरायचा, घर शोधायचं, आणि माणूस तळाच्या घरातला असेल तर एक घर वर चढून रंग कालवायचा. तिच्याआधी रंगाचं काम करणाऱ्या जुन्या मास्तरांनी तिला पहिल्याच महिन्यात हे शिकवलं होतं. "माणसाला आपला रंग आहे त्यापेक्षा उजळच आठवतो," मास्तर म्हणायचे, "हुबेहूब दिलास तर म्हणेल, काळा केलात. एक घर वर दे. कुणी तक्रार करणार नाही." आणि खरोखर कुणी केली नव्हती. उलट लोक हरखून जायचे, हात उन्हात धरून उलटासुलटा करायचे, काही जणांना तर रडू यायचं. त्या रडण्याला आजवर ती समाधान समजत आली होती.

मास्तर तसे देवमाणूस. कामाला हात थरथरायला लागले तरी रोज यायचे, तिच्या शेजारी बसायचे, ती रंग कालवत असली की चष्मा वर करून बघायचे. मालकाच्या वडिलांनी तिला साफसफाईला घेतलं होतं. रंगाच्या खोलीत तिला ओढून आणलं ते मास्तरांनी. एकदा असंच बघता बघता ते म्हणाले, "तू आमच्यातलीच वाटतेस गं मला." केवढी फुलून गेली होती ती! घरी जाऊन आईला सांगितलं, आईने ते शेजारणीला सांगितलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते वाक्य नव्या दागिन्यासारखं घरात मिरवत होतं. तिचा जन्म इथला, तिच्या वडिलांचाही इथलाच, तरी 'मूळच्या कुठल्या तुम्ही' हा प्रश्न काही सुटला नव्हता; त्या प्रश्नातून मास्तरांनी एका वाक्यात सोडवलं, असं तिला वाटलं होतं. आज, का कोण जाणे, ते वाक्य तिने उलटं करून पाहिलं. आमच्यातली वाटतेस. म्हणजे नाहीस.

तेवढ्यात मालक चहाचा कप घेऊन खोलीत आला. तरुण, हसरा, स्वभावाने गरीब. त्याच्या खोलीत सगळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफलेलं मोठं चित्र लावलेलं होतं. त्याने तक्रार ऐकून घेतली, फुकट बदलून देऊ म्हणाला, शिक्षिकेला खुर्ची पुढे केली. मग अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, एक मात्र सांगतो, आमच्याकडे भेदभाव हा विषयच नाही. रंगताईच बघा ना आमच्या. तुमच्यातल्याच आहेत!" नवं यंत्र दाखवावं तसा त्याने तिच्याकडे हात केला. रंगताई हसली. अशा वेळी हसायची तिला इतकी सवय होती की हसू आपोआप येत असे, ताबा ठेवावा लागत नसे. शिक्षिका हसली नाही. शिक्षिकेचे वाडवडील कुठले, आपले कुठले. भाषा वेगळी, देव वेगळे, लग्नाच्या वाटाघाटीत एकमेकींच्या घराकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण मालकाच्या हिशोबी फळ्यावरची खालची तीन घरं म्हणजे एकच गाव. मालक गेला आणि रंगताईच्या लक्षात आलं की तो गेल्यावरही आपण हसतोच आहोत.

"उजेडात बसा," ती म्हणाली, "पुन्हा रंग घेते." शिक्षिका खिडकीपाशी बसली, खरा हात तिने पांढऱ्या कापडावर ठेवला. रंगताईने काचेवर रंग काढले, सुरी पुसली. हातांना काम मिळालं की तिचं मन मोकळं सुटायचं, आणि आज ते सुटलं ते थेट सकाळी घराच्या दारात जाऊन उभं राहिलं. दारात मुलगी बूट घालत होती. मुलगी एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या काउंटरवर होती. होती म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत. हॉटेलचं नूतनीकरण झालं, नवे दिवे आले, नवे गणवेश आले, आणि मुलीला आतल्या खोलीत फोनवर बुकिंग घ्यायला बसवलं. "आतलं काम जास्त जबाबदारीचं आहे," मॅनेजर म्हणाला. पण त्याच दिवशी जिन्याखाली तो दुसऱ्या कुणाला सांगत होता ते मुलीने ऐकलं: आल्या आल्या पाहुण्यांना काय दिसतं ते महत्त्वाचं, एवढा पैसा ओतलाय दिव्यांवर, समोर जरा उजळ चेहरे हवेत. मुलीने वरच्या ऑफिसात तक्रार केली. आज दुपारी तिला बोलावलं होतं. सगळं खरं सांगायचं, नाहीतर मागे घ्यायचं. आणि या दोन आठवड्यांत रंगताईने घर डोक्यावर घेतलं होतं. तुझा गैरसमज झाला असेल. दिव्यांबद्दल बोलत असेल तो. 'उजळ' म्हणजे हसरे म्हणायचं असेल त्याला. जग बदललंय बाई आता, असलं काही राहिलेलं नाही, आपणच मनात धरून बसलो तर कुणाला दोष द्यायचा? "आमच्या वेळी होतं, तुमच्या वेळी नाही," ती म्हणाली, तर मुलगी ताडकन म्हणाली, "तुमच्या वेळी होतं? तू तर तेव्हाही नव्हतं म्हणायचीस ना?" त्यावर रंगताईला राग आला, आणि राग आला की ती भांडी घासते. रोज थोडं थोडं बोलून, रोज थोडी भांडी आदळून, शेवटी आज सकाळी तिने मुलीला वाकवलं. मुलगी बूट घालता घालता, वर न बघता म्हणाली, "बरं. सांगते गैरसमज झाला म्हणून. मग तरी झोपशील ना शांत?" रंगताईला इतकं हायसं वाटलं की तिने मुलीचा डबा स्वतः पिशवीत ठेवला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेली. नोकरी वाचली, असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे, आणि हे आत्ता खिडकीपाशी सुरी हातात असताना तिला पहिल्यांदा टोचलं, नोकरीची काळजी तिला कमीच होती. मुलगी खरी ठरली तर आपलं काय, ही काळजी होती.

"तुम्हाला राग आला असेल," शिक्षिका म्हणाली. "इतकं सुंदर काम केलंत तुम्ही आणि मी खोड काढते." "छे हो," रंगताई म्हणाली. आला होता. चांगला सणसणीत आला होता. एका अपघातात आख्खा हात गेला बाईचा, आणि हिला पडलंय रंगाचं! मिळाला हे काय थोडं झालं? हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिथे येऊन ओळखीचे वाटले. हेच ती मुलीला म्हणाली होती. नोकरी आहे हे काय थोडं झालं. शिक्षिका खिडकीबाहेर बघत बोलत राहिली. "मीही आधी गप्पच बसणार होते. पहिल्या दिवशी शाळेत घालून गेले. सगळ्यांनी कौतुक केलं, अगदी खरा वाटतो म्हणाले. माझे दोन हात दोन रंगांचे होते, आणि एकालाही दिसलं नाही. मला वाटलं, बरंच झालं. आमच्याकडे एक बाई आहेत. माझ्या शेजारच्याच वर्गावर शिकवतात. फार गोड बोलतात हो. इतक्या वर्षांत भांडण नाही, तंटा नाही. पण खडू मागितला तर टेबलावर ठेवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. वही ठेवायच्या. वाढदिवसाला फूल आणलं, तेही माझ्या टेबलावर ठेवलं. मी कधी मनावर घेतलं नाही, असते एकेकाची सवय. त्या दिवशी त्या आल्या, म्हणाल्या, बघू तरी, आणि त्यांनी हा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. कुरवाळला. किती वेळ सोडलाच नाही. 'किती गं छान,' म्हणाल्या. आणि मला यातलं काहीच कळलं नाही. मी बघत होते, त्या माझा हात धरून उभ्या आहेत, आणि मला काही जाणवतच नाहीये."

रंगताईची सुरी थांबली. काचेवर दोन रंग एकमेकांत अर्धे मिसळून राहिले. तिला बस दिसली. वडील बसचे कंडक्टर होते आणि सुट्टीच्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर फेऱ्या मारायची. वडील तिकीट फाडून पुढे करायचे आणि लोक ते दूरच्या टोकाला, नखांच्या चिमटीत धरून ओढून घ्यायचे. सगळेच नाही, पण इतके, की लहान मुलीच्याही लक्षात यावं. "असं का घेतात?" तिने विचारलं होतं. वडील हसले होते. "माझ्या बोटांना शाई असते ना, त्यांचे कपडे खराब होतात." तिला पटलं होतं. पटवून घेतलं होतं. त्या दिवशी रात्री वडील जेवायला बसले तेव्हा तिने चोरून त्यांची बोटं पाहिली. बोटं स्वच्छ होती. शाई कधी नव्हतीच. आणि तेव्हा तिला लाज वाटली होती ती त्या लोकांची नाही, वडिलांची. पुढच्या सुट्टीला डोकं दुखतंय म्हणून ती बसवर गेली नाही, त्याच्या पुढच्या सुट्टीलाही नाही, आणि मग वडिलांनी बोलावणं सोडून दिलं. तिकीट देणारे तेच हात मरताना सुजून गेले होते. ते तिने हातात घेतले होते का? घेतले असणारच. लेक होती ती. पण आठवायला गेलं की पांढरी चादर तेवढी आठवायची.

"एक विचारू?" शिक्षिका म्हणाली. "हे मुद्दाम केलंत का?" "नाही, नाही," रंगताई घाईने म्हणाली. "तशी पद्धत आहे. एक घर वर द्यायचं. लोकांना बरं वाटतं." "सगळ्यांना देता?" हा प्रश्न इतका साधा होता की रंगताईने उत्तर द्यायला तोंड उघडलंसुद्धा. सगळ्यांना? एका व्यापाऱ्याच्या बायकोचा हात तिला आठवला, केशरी ठिपक्यांचा. तिचे ते ठिपके बारीक कुंचल्याने एकेक करून लावताना रंगताईचे डोळे शिणून गेले होते. एका म्हाताऱ्या वकिलाच्या निळ्या शिरा आठवल्या. रंग नखभर जास्त गुलाबी झाला म्हणून तिने तो हात आपण होऊन फेकून दिला होता आणि दुसरा केला होता. त्यांना हुबेहूब. गोऱ्या माणसाला तिने कधी एक घर वर नेलं नव्हतं, खालीही नाही. माणसाला आपला रंग उजळच आठवतो, हे मास्तरांचं म्हणणं खरं असेल तर ते वकिलालाही लागू व्हायला हवं होतं. मग वकिलाला आपला हात जसा आहे तसा आठवतो, आणि आपल्याला आठवत नाही, हे कुणी ठरवलं? कुणी ठरवलं ते जाऊ दे, केलं कुणी? ते करायला काही मास्तर आले नव्हते. मास्तर केव्हाच गेले. तिने केलं. खालच्या घरातली माणसं या खुर्चीत येऊन बसायची, तिच्याकडे बघून मोकळा श्वास टाकायची, चला, आपल्यातली बाई आहे, आपला हात नीट करेल, आणि ती हसून त्यांना वर चढवायची. किती घरांत, किती बाह्यांत आज ते हात असतील, शेजारच्या हाताशी न जुळणारे. आणि ते रडायचे ते कशाला, हेही तिला आता ठामपणे सांगता येईना.

तिने काच पुसून टाकली आणि नव्याने सुरुवात केली. फळ्याकडे पाहिलं नाही. तपकिरी घेतला, त्यात जांभळ्याचा थेंब, बोटांच्या पेरांवर लागतो तो. तळव्यासाठी वेगळा, वीट पाण्यात भिजल्यावर दिसतो तसा. शिक्षिकेच्या हाताशी रंगवलेला तुकडा धरला, टाकून दिला, पुन्हा दुसरा धरला. शेवटी एक तुकडा तिथे असा बसला की कडा दिसेना. शिक्षिका बघत राहिली. "हो," म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही. कौतुकही केलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण त्या क्षणी रंगताईला कौतुक सहन झालं नसतं. तिला एकदम आपली मुलगी आठवली. तिच्या रंगाला फळ्यावर जागाच नव्हती. मुलगी जन्मली तेव्हा दाईने तिला कापडात गुंडाळून देताना "तब्येत मस्त आहे हो," असं सांत्वन केल्यासारखं म्हटलं होतं, आणि रंगताईने 'हो ना' म्हटलं होतं. त्या 'हो ना'पासून आज सकाळच्या जिन्यापर्यंत एकच रेघ गेली होती. दुपार. मुलीला दुपारी बोलावलं होतं. "एक मिनिट," ती शिक्षिकेला म्हणाली. हात तसेच रंगाने बरबटलेले, पदराने पुसत ती बाहेर जिन्यावर आली. फोन लागत होता, कुणी उचलत नव्हतं. तिने परत लावला. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट ओढत होतं, त्या आवाजाने तिला वैताग आला. परत लावला. अजून आत गेली नसू दे, ती म्हणत होती, आज काहीतरी खोळंबू दे त्या लोकांचं.

"आई, कामात आहे गं," मुलगी म्हणाली.

"तुझी ती भेट झाली का?"

"झाली की. मघाशीच."

"काय सांगितलंस?"

"ठरलं तेच. गैरसमज झाला म्हटलं. आणि माफी मागितली."

"माफी? तू कशाची माफी मागायचीस?"

"मॅनेजरना मनस्ताप झाला ना. म्हणजे तेच म्हणाले तसं. मग मागून टाकली." मुलीच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रंगताईला धीर आला असता. "फार चांगले वागले सगळे. चहा दिला. चूक कबूल करायला मोठं मन लागतं म्हणाले. मिटलं आता."

"ऐक माझं," रंगताई म्हणाली. "परत वर जा. आत्ताच्या आत्ता जा. सांग, गैरसमज नव्हता, जे ऐकलं ते खरं होतं. आईने गप्प बसवलं म्हण. माझं नाव घे खुशाल. मी येते हवं तर."

फोन कट झाला की काय म्हणून रंगताईने तो कानापासून लांब धरून बघितला.

"आई, मी कुठल्या तोंडाने जाऊ?" मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तक्रारीत एक, मघाशी एक, आता परत तिसरं? ते विचारतील, नक्की काय ऐकलंस? आणि खरं सांगू का, मला आता नक्की सांगताच येणार नाही. तू इतके दिवस म्हणत होतीस ना, म्हणून त्या खोलीत बसल्या बसल्या मी आठवून बघत होते. जिना आठवतो. ते पाठमोरे उभे होते ते आठवतं. पण ते शब्द आठवायला गेलं की मला तुझाच आवाज ऐकू येतो. दिव्यांबद्दल बोलत असतील. मला वाटतं, दिव्यांबद्दलच बोलत होते."

"नाही गं," रंगताई म्हणाली. "नाही, नाही. तू ऐकलंस ते खरं—"

"थांब, दुसरा फोन वाजतोय. ठेवू नकोस, आलेच."

खट्ट झालं, पण फोन बंद झाला नाही. मुलीने तो बहुधा टेबलावर ठेवला असावा. रंगताईला मुलीचा आवाज थोडा लांबून ऐकू आला, आणि क्षणभर तिला ओळखताच आला नाही, इतका तो नितळ होता, कुठल्याही घरातल्या कुठल्याही मुलीचा असावा तसा. "नमस्कार, स्वागत आहे आपलं. बोला ना, मी काय मदत करू?" मग खोलीचं बोलणं झालं, तारखांचं झालं. मुलगी मध्येच हसली; पलीकडच्या माणसाने काहीतरी कौतुक केलं असावं. "थँक यू, सर. नाही, नाही, मी नसेन समोर. मी आत असते. पण तुम्ही या ना, काउंटरवर आमच्या मुली आहेत, फार छान आहेत, त्या बघतील तुमचं सगळं." तिच्या आवाजाला कुठे सुरकुती पडली नाही. ते बोलणं संपलं आणि लगेच दुसरा फोन वाजला, आणि मुलीने पुन्हा तेच स्वागत केलं. रंगताई जिन्यावर फोन कानाला लावून उभी राहिली. मुलीने ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं.